चप्पल लाईनीतलं एक नवं दुकान आणि त्यांचा ‘सायकॉलॉजिकल एक्सपेरिमेंट’

कोल्हापुरातल्या चपलांच्या दुकानांच्या ओळीला आम्ही चप्पल लाईन म्हणतो. तिथल्या या दुकानाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तो प्रकार मोबाईलवर पाहिलाय त्यांना ते माहीत आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी माझं वाचून ती पोस्ट शोधावी आणि त्यांचे व्ह्यूज वाढवावेत, हे मला नको आहे. तरीही लिहिते आहे, कारण या दुकानाचा माल खरोखर चांगला आहे आणि त्यांनी ऑनलाइन जे केलं ते खरोखर वाईट आहे. पहिल्या गोष्टीचं कौतुक सगळे करतात, दुसरीबद्दल कोणी बोलत नाही.

मालाचं आधी सांगते. मी कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, घेतली, बावीसशे रुपयांना. तळ म्हशीच्या कातड्याचा, वरचं काम बकऱ्याच्या चामड्याचं, आणि दोन्ही बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. हे नाकाला कळतं. केमिकलच्या चामड्याला एक उग्र, डोक्यात जाणारा वास असतो, तो इथे नाही. तळाचे थर चामड्याच्या वादीने शिवलेत, कुठेही खिळा नाही. वेणी बारीक आणि सारखी आहे, दोन्ही पायांचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, एका उंचीचे आहेत. हे शेवटचं तपासायला लोक विसरतात आणि मग एक चप्पल सैल लागते म्हणून तक्रार करतात. रंग कच्च्या गुळासारखा, तेल लावल्यावर गडद होत जाणारा. काउंटरवरच्या मुलाने मी न विचारता एक स्वस्त जोड पुढे केला आणि म्हणाला, “मॅडम, ही केमिकलची हाय बरं का, दिसाय सारखीच दिसती.” असं सांगणारा विक्रेता चप्पल लाईनीत सहज सापडत नाही. पावसात घालू नका, भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, हेही त्यानेच सांगितलं. दुकान लहान आहे, बसायला दोनच स्टुलं आहेत, शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी असते. जायचंच तर मधल्या वारी दुपारी जावं.

एवढ्यावर रिव्ह्यू संपला असता तर मी आनंदाने पाच तारे दिले असते.

दुकानाचं इन्स्टाग्राम पेज मालकांचा मुलगा चालवतो. त्याने एका कारागीर बाईंचा फोटो टाकला. साठीच्या पुढच्या मावशी, घराच्या उंबऱ्यात बसून वेणी घालतायत, चेहरा स्पष्ट दिसतोय. खाली मजकूर असा, की या हातांच्या कामाला दोन हजार रुपये खरंच द्यावेत का, मनातलं बोला, लाजू नका. सोबत हो-नाहीचा पोल. पहिल्या तासात बरे कॉमेंट आले. मग एकाने जातीवरून घाण लिहिलं, आणि पेजने ते काढून टाकायच्या ऐवजी पिन करून सगळ्यात वर लावलं. खाली पेजनेच प्रश्न टाकला, “अजून कोणाला असंच वाटतं?” पुढे जे झालं ते मी इथे उतरवणार नाही. आडनाव, वस्ती, वास, हात. आपल्या गावात हे शब्द कुठून येतात ते आपल्याला सांगायला लागत नाही.

तीन दिवसांनी व्हिडिओ आला. मुलगा कॅमेऱ्यासमोर बसून गंभीर चेहऱ्याने सांगतोय की हा एक सायकॉलॉजिकल एक्सपेरिमेंट होता, आम्हाला कोल्हापूरची मानसिकता तपासायची होती, आणि तुम्ही सगळ्यांनी स्वतःचा चेहरा आरशात पाहिलात. शेवटी दहा टक्के सवलतीचा कोड. खाली टाळ्यांचे, हृदयांचे इमोजी. “भावा, डोळे उघडलेस.”

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत आले आहे. बारावीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेतली, बी. ए.च्या मुलांची जर्नल तपासली. त्यामुळे ‘एक्सपेरिमेंट’ हे कोणी ढाल म्हणून पुढे केलं की मला राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही.

आमच्याकडे सतरा वर्षांची मुलगी म्युलर-लायरच्या रेषा (सारख्याच लांबीच्या, पण टोकांच्या बाणांमुळे लहान-मोठ्या भासणाऱ्या) दाखवून कोणती लांब वाटते एवढं विचारायला बसते, तरी तिला ठरलेल्या गोष्टी कराव्या लागतात. ती आधी समस्या लिहिते, गृहीतक लिहिते. प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला, समोर बसवून सूचना वाचून दाखवते. तो नको म्हणाला तर दुसरा प्रयुक्त शोधते. निरर्थक शब्दावयव पाठ करून घेण्याइतका साधा प्रयोग असला तरी शेवटी ती विचारते, करताना कसं वाटलं? आणि तो जे सांगेल ते त्याच्या शब्दांत जर्नलमध्ये उतरवते. त्या भागाला आम्ही अंतर्निरीक्षणात्मक अहवाल म्हणतो. तो नसेल तर मी सही करत नाही. या पेजच्या प्रयोगात समस्या नव्हती, गृहीतक नव्हतं, तुलनेला दुसरा गट नव्हता, संमती नव्हती. आणि त्या मावशींना कसं वाटलं, हे कोणीही विचारलं नव्हतं.

यावर मला एक उत्तर हमखास मिळतं, विद्यार्थ्यांकडूनही मिळतं: मोठ्या मानसशास्त्रज्ञांनीही लोकांना फसवलंच ना? फसवलं. १९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं बोलावली, स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असं सांगितलं आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायला लावले. झटके खोटे होते, पलीकडचा माणूस सामील होता. १९६३ साली छापलेल्या पहिल्या अभ्यासात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची फार थोड्यांना माहीत असते. १९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जाहीरपणे लिहिलं की प्रयोगशाळेत विश्वासाने आलेल्या माणसाला असं हादरवून सोडण्याचा अधिकार संशोधकाला नाही. कित्येक वर्षांनी येलमधले कागद आणि ध्वनिमुद्रणं तपासली गेली, तेव्हा दिसलं की झटके खोटे होते हे अनेकांना त्या दिवशी नीट सांगितलंच नव्हतं. काहीजण महिनोन्महिने ते ओझं घेऊन राहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातला १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात काही विद्यार्थ्यांना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवलं होतं, दोन आठवड्यांसाठी आखला होता. क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन तुम्ही या मुलांचं काय करताय असं खडसावल्यावर तो सहा दिवसांत बंद करावा लागला.

म्हणजे मोठ्यांनी केलं म्हणून चालतं, असा त्याचा अर्थ होत नाही. मोठ्यांनी केलं, त्यात माणसं दुखावली, म्हणून नियम आले. अमेरिकेत १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांना कसं जपायचं ते सांगणारा. आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ मध्ये ती सुधारून निघाली आणि त्यात सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाचाही विचार केलेला आहे. फसवणूक अगदी अपरिहार्य असेल तर आधी नैतिकता समितीसमोर जायचं, आणि नंतर शक्य तितक्या लवकर त्या माणसाला खरं सांगायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संहितेत त्याला आपली माहिती मागे घेण्याची मुभाही आहे, आणि तीव्र मानसिक त्रास होईल असं दिसत असेल तिथे फसवणूक करायचीच नाही असंही म्हटलंय. या दुकानाने कुठल्या समितीला विचारलं होतं? खरं सांगितलं ते कोणाला? व्हिडिओ बघणाऱ्या फॉलोअर्सना. जिचा चेहरा वापरला तिला नाही.

पैसा आणि तंत्रज्ञान असलेल्यांनाही ही पळवाट पचलेली नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ जणांच्या फीडमध्ये काहींच्या आनंदी तर काहींच्या दुःखी पोस्ट कमी करून त्यांच्या मनावर काय होतं ते पाहिलं. २०१४ मध्ये निबंध छापून आला आणि एवढा गदारोळ झाला की त्या नियतकालिकाच्याच संपादकांना संमतीबद्दल चिंता व्यक्त करणारं टिपण छापावं लागलं. २०२४-२५ मध्ये झ्युरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एआयने लिहिलेले हजाराहून जास्त कॉमेंट माणसांच्या नावाने टाकले. त्यात बलात्कारातून वाचलेली व्यक्ती म्हणून लिहिलेलाही होता. उघड झाल्यावर त्यांना निकाल छापणार नाही असं सांगावं लागलं. त्यांच्याकडे निदान प्रश्न होता, आकडेवारी होती, विद्यापीठ होतं. आपल्या या मुलाकडे मोबाईल आणि सवलतीचा कोड.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. त्याचा दावा असा, की आम्ही फक्त प्रश्न विचारला, घाण लोकांच्या मनातच होती. हे खरं आहे का, याचा प्रयोग कोणीतरी नीट केलेला आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी ६६७ जणांना घेतलं. काहींना आधी सोपी कोडी दिली, काहींना अवघड, म्हणजे वैताग आणणारी. मग सगळ्यांना एक लेख वाचायला देऊन कॉमेंट लिहायला सांगितलं. काहींना वर साधे कॉमेंट दिसत होते, काहींना भडक. मूड चांगला आणि वरचे कॉमेंट साधे, तेव्हा सुमारे ३५ टक्के लोकांनी वाईट लिहिलं. मूड बिघडलेला आणि वर भडक कॉमेंट, तेव्हा ६८ टक्के. माणसं त्याच वकुबाची, लेखही तोच.

म्हणजे वर काय लावलंय यावर खाली काय येतं ते बऱ्याच अंशी ठरतं. या पेजने सगळ्यात घाणेरडा कॉमेंट पिन केला, वर “अजून कोणाला?” असं चेतवलं, आणि मग जे आलं त्याला कोल्हापूरची मानसिकता म्हटलं. विहिरीत स्वतःच शेण टाकायचं आणि पाणी तपासून गाव घाण आहे म्हणायचं, असा हा प्रकार आहे. आपल्या गावात जातीयता नाही असं मी मुळीच म्हणत नाही. ती आहे, आणि ती मोजणारे, लिहिणारे, तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरणारे लोकही आहेत. पण या पोस्टमधून तिच्याबद्दल नवीन काहीच कळलं नाही. चार मुलांना तसं उघड लिहायला परवानगी मिळाली, इतकंच झालं.

आणि हे कोल्हापुरात! शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन, बरोबरच्या सरदारांनाही बसवून चहा घेतला, ते हे गाव. कोणाच्या हातचं काय घ्यायचं हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी एका राजाने कपबशी हातात धरून सोडवायला घेतला होता. त्याच गावात ‘या हातांना पैसे द्यावेत का’ असं गमतीत विचारायचं? शिवाय ऑनलाइन चेतवण्याची किंमत आपण आधीच मोजलेली आहे. ७ जून २०२३ ला काही मुलांच्या स्टेटसवरून छत्रपती शिवाजी महाराज चौकात काय झालं, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं, दुकानांची शटरं खाली आली. चप्पल लाईन तिथून चालत किती लांब आहे? त्या आठवड्यात धंदा बसलेल्या दुकानदारांनी तरी मोबाईलवर काडी टाकण्याला प्रयोग म्हणू नये.

मी त्या मावशींना सुभाषनगरात जाऊन भेटले. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. त्यांचं नाव लिहू नको असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर आहे. फोटो कसा काढला ते त्यांनी सांगितलं. “पोरगं आलं, म्हनलं मावशी, तुमचं काम जगाला दावतो. मी म्हनलं दाव की. चांगलंच हाय. मग नातवानं मोबाईल दावला.” नातू नववीत आहे. वर्गातल्या मुलांनी त्याला ते कॉमेंट वाचून दाखवले होते. एवढं सांगून त्या वेणीचा पेड ओढत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मी काय त्याला बोलनार ताई? माल त्येंच्याकडंच जातो माझा.”

हे वाक्य संशोधनाची नीतिमत्ता शिकवणाऱ्या कुणीही फळ्यावर लिहावं असं आहे. जो माणूस आपल्यावर पोटापाण्यासाठी अवलंबून आहे त्याची संमती खरी संमती असेलच असं नाही, म्हणून अशा माणसांना जास्त संरक्षण द्यायचं असतं. आयसीएमआरच्या तत्त्वांमध्येही अशा अवलंबून असलेल्यांना असुरक्षित गटात धरलं आहे. इथे तर संमती घेतली ती एका गोष्टीसाठी आणि फोटो वापरला दुसऱ्याच गोष्टीसाठी.

२०२५ च्या जूनमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर आपल्यासारखीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा हीच चप्पल लाईन किती तळमळली होती. कारागिराचं श्रेय, कारागिराचा मान, जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) कायदा, सगळं बोललं गेलं. मीही त्यात होते आणि त्याचा मला अभिमान आहे. मग आपल्याच ओळीतल्या दुकानाने आपल्याच कारागीर बाईंचा चेहरा शिव्या खायला पुढे केला, तेव्हा आपण गप्प का?

मालकांशी बोलले. माणूस सज्जन आहे, मला चहा पाजला, मुलाची बाजू घेताना त्यांचाही आवाज जरा पडला होता. “मॅडम, हेतू वाईट नव्हता ओ. पोरगं म्हनतंय, आजकाल असंच चालतं. चांगलं टाकलं तर कोन बघत न्हाई.” हे उत्तर मला त्या व्हिडिओपेक्षा प्रामाणिक वाटलं. लोकांनी बघावं म्हणून केलं, विक्री वाढावी म्हणून केलं, असं सरळ म्हणावं. त्यावर ग्राहक म्हणून आम्ही मत देऊ. ‘सायकॉलॉजी’ मधे आणली की मात्र चेतवणारा एकदम शिक्षक होतो आणि दुखावलेली माणसं त्याच्या प्रयोगातले उंदीर. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ऑनलाइन ट्रोलिंग आवडतं असं स्वतःच सांगणाऱ्यांच्या व्यक्तिमत्त्वचाचण्या घेतल्या, तेव्हा दुसऱ्याच्या दुःखात सुख वाटण्याच्या वृत्तीशी त्याचा सगळ्यात ठळक संबंध दिसला. या मुलाबद्दल मी असं म्हणत नाही. मी त्याला ओळखत नाही, आणि एका पोस्टवरून कोणाचं निदान करणं हाही आमच्या विषयाचा अपमान आहे. पण मानसशास्त्राच्या नावाने बोलायचं तर त्या विषयाने अशा वागण्याबद्दल काय शोधलंय तेही त्याने वाचावं.

मुलगा त्या वेळी दुकानात नव्हता. मी मालकांकडे मागितलं ते असं: पेजवरून फोटो हटवा, कोडवाला व्हिडिओ हटवा, आणि मुलगा मावशींच्या घरी जाऊन, त्यांच्या नातवासमोर, माफी मागू दे, कॅमेरा न घेता. ते “बघतो” म्हणाले. पिन केलेला कॉमेंट दुसऱ्या दिवशी गेला. फोटो आणि व्हिडिओ हे लिहीपर्यंत तसेच आहेत.

म्हणून मालाला पाचपैकी पाच, काउंटरवरच्या त्या प्रामाणिक मुलाला पाच, आणि दुकानाला मी एकच तारा दिला आहे. फोटो पेजवरून हटला आणि मावशींनी मला माफी मिळाली असं सांगितलं, की तो मी बदलेन, आणि तसं इथेच लिहीन.

तोपर्यंत कापशी हवी असेल तर थेट सुभाषनगरात जा. तिथे घराघरात काम चालतं. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने माप घेतात, आणि पैसे करणाऱ्याच्या हातात पडतात. चामडं बाभळीचं की केमिकलचं ते विचारा, वास घेऊन बघा, दोन्ही कान जुळतायत का पाहा. माप थोडं घट्टच द्या, कातडं पायाबरोबर सैल होतं. आणि फोटो काढायचा असेल तर तो कुठे टाकणार आणि खाली काय लिहिणार, तेही त्यांना आधी वाचून दाखवा.